बाटलीतील नर कोठे गेले?

पिकलेली केळी घरात दोन दिवस राहिली, की त्यांच्याभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात, हे तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. हाताने हुसकावली तर ती क्षणभर उडतात आणि पुन्हा येऊन बसतात. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा, पिवळसर अंगाचा आणि तांबड्या डोळ्यांचा हा जीव शास्त्रज्ञांच्या भाषेत फळमाशी ह्या नावाने ओळखला जातो. घरातील माणसांना तिचा उपद्रवच वाटतो. परंतु आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, हे कोडे सोडविण्याच्या कामी विसाव्या शतकात ह्या क्षुद्र माशीने जेवढे साहाय्य केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्राण्याने केले असेल.

१९२६ सालच्या अखेरीस अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत एक मनुष्य अशा माश्यांनी भरलेल्या बाटल्या एकामागून एक उचलून पाहत बसलेला असे. प्रत्येक बाटलीत तो एकच गोष्ट शोधी. हिच्यात नर आहेत की नाहीत? नर दिसले, की बाटली बाजूला जाई. एखाद्या बाटलीत सगळ्या माद्याच निघाल्या, तर मात्र त्याचा चेहरा उजळे. त्या बाटलीत असावयास हवे होते आणि नव्हते, असे जे नर, त्यांच्याच मागावर तो होता. त्या मनुष्याचे नाव हर्मन जोसेफ म्यूलर.

हर्मनचा जन्म २१ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्याच्या वडिलांचे घराणे मूळचे जर्मनीतील. १८४८ साली तेथे झालेली लोकांची क्रांती फसली, तेव्हा स्वातंत्र्याची आवड असलेली अनेक कुटुंबे देश सोडून अमेरिकेत गेली. त्यांत म्यूलर कुटुंबही होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी काशाच्या कलाकुसरीच्या वस्तू घडविण्याचा कारखाना काढला, आणि हर्मनचे वडील तोच चालवीत असत. कारखान्याच्या धंद्यात अडकलेला हा गृहस्थ मनाने मात्र जिज्ञासू होता. तो आपल्या लहानग्या मुलाला बोटाशी धरून शहरातील मोठ्या प्राणिसंग्रहालयाला नव्हे, तर निसर्गेतिहासाच्या वस्तुसंग्रहालयाला घेऊन जाई.

त्या संग्रहालयात घोड्यांच्या पायांचे अवशेष ओळीने मांडून ठेवलेले होते. लक्षावधी वर्षांपूर्वीचा घोडा कुत्र्याएवढा लहान होता व त्याच्या पायाला अनेक बोटे होती. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती बोटे कमी कमी होत जाऊन अखेर एकच खूर उरला. निसर्गात आपोआप होणाऱ्या लहान लहान बदलांतून आणि त्यांतील टिकाऊ बदलांच्या निवडीतून हे घडले, हे वडिलांनी आठ वर्षांच्या हर्मनला समजावून दिले. तो बदल मुळात होतो तरी कसा, हा प्रश्न त्या दिवशी मुलाच्या मनात शिरला. तो तेथून पुन्हा कधी बाहेर पडला नाही.

१९०० साली वडील वारले. हर्मन तेव्हा अवघा नऊ वर्षांचा होता. कारखान्यातील थोड्याशा हिश्शावर आईने घर चालविले. शाळेत असताना हर्मनने दोन मित्रांच्या साहाय्याने एक विज्ञानमंडळ स्थापन केले. त्यांपैकी एडगर आल्टेनबर्ग हा मित्र पुढे जन्मभर त्याचा सहकारी राहिला. १९०७ साली परीक्षेतील गुणांच्या बळावर शिष्यवृत्ती मिळवून हर्मन कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. परंतु शिष्यवृत्तीवर सगळे भागत नसे. म्हणून तो सुट्टीत बँकेचा निरोप्या झाला. हॉटेलात कारकुनी करताना दिवसाचे चौदा तास राबला. परदेशांतून नव्याने आलेल्या लोकांना रात्रीच्या वर्गात त्याने इंग्रजीही शिकविले. अशा धावपळीत त्याचा अभ्यास कसा झाला असेल, ह्याचे नवल वाटते.

कोलंबिया विद्यापीठात त्या वेळी टॉमस हंट मॉर्गन हे प्राणिशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे सोळा फूट रुंद व तेवीस फूट लांब अशी एक खोली. तिच्यात आठ मेजे दाटीवाटीने लावलेली, आणि मांडण्यांवर दुधाच्या बाटल्यांच्या रांगाच रांगा. बाटल्यांत कुस्करलेली केळी आणि त्यांवर वाढणाऱ्या फळमाश्या! नासक्या केळ्यांचा वास त्या खोलीत सदैव भरलेला असे. ह्या खोलीला सगळे माश्यांची खोली म्हणत.

मॉर्गन ह्यांनी माशीच का निवडली? ती बाटलीत मावते, अत्यंत थोडे खाते, आणि ऊब मिळाल्यास दहा-बारा दिवसांत तिची एक पिढी पुरी होते. हत्तीच्या दोन पिढ्या पाहावयाच्या तर शास्त्रज्ञाचे अर्धे आयुष्य निघून जाईल. माशीच्या पंचवीस-तीस पिढ्या एका वर्षात होतात. एक मादी शेकडो अंडी घालते. शिवाय नर आणि मादी ओळखणे सोपे. नर आकाराने लहान, आणि त्याच्या पोटाचे टोक काळे असते.

१९१० साली ह्या खोलीत तांबड्या डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याचा वंश वाढविला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. त्याच्या नातवंडांत पांढरे डोळे पुन्हा उमटले. परंतु ते केवळ नरांत! हे कसे, ते समजण्यासाठी आपल्याला पेशीच्या आत डोकावले पाहिजे.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत अतिसूक्ष्म धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण ज्यांच्यामुळे मुलांत उतरतात, ती जनुके ह्या धाग्यांवर मण्यांसारखी ओळीने बसलेली असतात. गुणसूत्रे जोडीने असतात, एक आईकडून आलेले, एक बापाकडून. फळमाशीत अशा चार जोड्या आहेत. त्यांपैकी एक जोडी नर-मादी ठरविणारी. मादीत तिची दोन्ही गुणसूत्रे सारखी. त्यांना एक्स म्हणतात. नरात मात्र एक एक्स आणि दुसरे निराळेच, वाय. बाप आपले एक्स मुलींना देतो व वाय मुलग्यांना. म्हणजे मुलग्याला एक्स मिळते ते केवळ आईकडून, आणि तेही एकच. त्याच्यावर एखादा दोष असला, तर तो झाकावयाला मुलग्याजवळ दुसरे एक्स नसते. मुलीजवळ ते असते. एकाच छत्रीला भोक पडले की मनुष्य भिजतो. दोन छत्र्या असल्या, तर एकीवर भागते. पांढरा डोळा हा अशा भोकासारखाच दोष होता.

आता हाच विचार एक पाऊल पुढे नेऊ. डोळ्यांचा रंग पालटणारे जनुक एक्सवर असू शकते, तर प्राणच घेणारे जनुकही तेथे का नसावे? माशीच्या शरीराचे एखादे अत्यावश्यक काम ज्या जनुकावर अवलंबून आहे, तेच बिघडले तर काय होईल? मादी वाचेल, कारण तिच्या दुसऱ्या एक्सवरील चांगले जनुक काम करील. नर मात्र अंड्यात किंवा अळीच्या अवस्थेतच मरून जाईल. असे मारक जनुक एखाद्या आईच्या दोन एक्सपैकी एकावर असले, तर तिचे निम्मे मुलगे नाहीसे होतील, आणि बाटलीत दोन माद्यांमागे एक नर असे प्रमाण दिसेल. अशी विचित्र प्रमाणाची बाटली प्रयोगशाळेत खरोखरच आढळली, आणि १९१२ साली मॉर्गन ह्यांनी तिचा उलगडाही केला.

म्यूलर, स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस हे तीन तरुण मॉर्गन ह्यांचे शिष्य. १९१५ साली मॉर्गन व त्यांचे हे तीन शिष्य अशा चौघांनी मिळून एक ग्रंथ लिहिला, आणि आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया त्यामुळे पक्का झाला. तथापि म्यूलर त्या खोलीत फारसे रमले नाहीत. पोटासाठी बाहेर नोकऱ्या कराव्या लागत असल्यामुळे त्यांना प्रयोगांना इतरांएवढा वेळ मिळत नसे. ते कल्पना सुचवीत, प्रयोग दुसरे करीत, आणि श्रेय आपल्याला पुरते मिळत नाही, अशी सल त्यांच्या मनात राहून गेली. तिच्यात कितपत तथ्य होते, ह्याविषयी पुढील काळातील अभ्यासकांत मतभेद आहेत. थोर माणसेही माणसेच असतात.

१९२० साली म्यूलर टेक्सस विद्यापीठात अध्यापक म्हणून ऑस्टिन शहरी गेले. लहानपणचा तो प्रश्न त्यांच्यासोबत होताच. जनुक बदलते कसे? त्याचा बदल घडवून आणता येईल काय? निदान तो मोजता तरी येईल काय?

मोजणे हीच खरी अडचण होती. डोळ्यांचा रंग किंवा पंखांचा आकार बदलणारी जनुके हजारो माश्यांत एखादी सापडे, आणि तीही पाहणाऱ्याच्या नजरेच्या तीक्ष्णतेवर अवलंबून. एकाला दिसे, दुसऱ्याला दिसत नसे. म्यूलर ह्यांनी ओळखले की, जनुकांतील बहुतेक बदल हे मारकच असतात. चालत्या घड्याळात डोळे मिटून सुई खुपसली, तर घड्याळ सुधारण्यापेक्षा बंद पडण्याचाच संभव अधिक! तेव्हा मोजावयाचेच, तर मारक बदल मोजावेत. ते संख्येने पुष्कळ, आणि मेला की जिवंत ह्यात नजरेची चूक होत नाही. पण जी माशी जन्मालाच आली नाही, ती मोजावयाची कशी?

ह्या पेचातून त्यांनी काढलेली युक्ती शास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यांनी माद्यांचा एक खास वंश तयार केला. ह्या मादीच्या एका एक्सवर तीन खुणा होत्या. पहिली म्हणजे त्या गुणसूत्राचा काही भाग उलटा बसलेला असल्यामुळे जोडीतील दोन गुणसूत्रांत एरवी होणारी तुकड्यांची अदलाबदल पुढच्या पिढीत दिसून येत नसे. एक्स जसेच्या तसे पुढे जाई. दुसरी खूण म्हणजे त्यावर मुद्दाम ठेवलेले एक मारक जनुक. तिसरी म्हणजे डोळा पट्टीसारखा अरुंद करणारे जनुक, त्यामुळे हे एक्स कोणत्या मादीत आहे, ते पाहताक्षणी कळे. ह्या तीन खुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या गुणसूत्राला सी-एल-बी असे नाव पडले.

आता प्रयोग कसा चाले ते नीट लक्ष देऊन पाहा. ज्या नराची परीक्षा करावयाची, त्याचा संयोग सी-एल-बी मादीशी करावयाचा. त्यांच्या मुलींपैकी ज्यांचे डोळे पट्टीसारखे असतील, त्या निवडावयाच्या. अशा मुलीजवळ एक एक्स आईचे, म्हणजे सी-एल-बी. आणि दुसरे बापाचे, म्हणजे ज्याची परीक्षा चालली आहे ते. प्रत्येक मुलगी वेगळ्या बाटलीत ठेवून तिला एक साधा नर द्यावयाचा, आणि तिची संतती वाढू द्यावयाची. तिच्या निम्म्या मुलग्यांना सी-एल-बी मिळेल. ते त्यावरील मारक जनुकाने मरणारच. उरलेल्या निम्म्यांना आजोबाचे एक्स मिळेल. ते निर्दोष असेल, तर हे मुलगे जगतील आणि बाटलीत नर दिसतील. परंतु त्या आजोबाच्या एक्सवर नवे मारक जनुक निर्माण झालेले असेल, तर हेही मुलगे मरतील. बाटलीत एकही नर उरणार नाही!

बिननराची प्रत्येक बाटली म्हणजे एक नवे मारक जनुक, असा हा सरळ हिशेब होता. माशी न्याहाळण्याचे कारण नाही, रंग जुळविण्याचे कारण नाही. बाटली उचला, नर आहेत की नाहीत ते पाहा, आणि वहीत खूण करा. जे नव्हते, त्याची मोजदाद करण्याची ही रीत जितकी साधी, तितकीच अचूक होती.

युक्ती तर साधली. आता जनुकावर आघात कशाने करावयाचा? म्यूलर व आल्टेनबर्ग ह्यांनी आधी उष्णतेचे परिणाम पाहिले होते. परंतु उष्णतेने फरक पडे तो अगदी थोडा. जनुकासारख्या सूक्ष्म वस्तूपर्यंत पोहोचेल असे काहीतरी हवे होते. १८९५ साली राँटगेन ह्यांनी शोधून काढलेले क्ष-किरण मांसातून आरपार जातात. ते पेशीतील गुणसूत्रांपर्यंत सहज पोहोचतील, असे म्यूलर ह्यांना वाटले.

नोव्हेंबर १९२६ मध्ये त्यांनी प्रयोगास आरंभ केला. औषधे भरावयाच्या पारदर्शक वेष्टनांत नर माश्या ठेवून त्यांच्यावर त्यांनी क्ष-किरण सोडले. काहींना थोडा वेळ, काहींना अधिक वेळ. नंतर त्यांचा संयोग सी-एल-बी माद्यांशी केला. तुलनेसाठी क्ष-किरण न दिलेल्या नरांच्या बाटल्याही तितक्याच काळजीने राखल्या. ह्या गोष्टीचे महत्त्व विसरू नका. तुलनेच्या बाटल्या नसत्या, तर क्ष-किरणांमुळे काय झाले आणि आपोआप काय झाले, हे कोणालाच सांगता आले नसते.

दोन पिढ्या वाढल्या आणि म्यूलर बाटल्या पाहू लागले. निसर्गात असे मारक जनुक हजार गुणसूत्रांमागे एखाददुसरे सापडावयाचे. येथे बाटलीमागून बाटली बिननराची निघू लागली! केवळ मारकच नव्हे, तर आखूड पंखांच्या, वेड्यावाकड्या केसांच्या, निराळ्या डोळ्यांच्या माश्याही दिसू लागल्या. म्यूलर रात्री उशिरापर्यंत काम करीत. नवा बदल सापडला, की ते खिडकीतून खालच्या मजल्यावर काम करीत बसलेल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला मोठ्याने हाक मारून आनंदाने सांगत, अशी आठवण सांगितली जाते. किरणांची सर्वांत मोठी मात्रा दिलेल्या माश्यांत बदलांचे प्रमाण नेहमीच्या सुमारे दीडशे पट झाले होते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ह्या शोधाचा लहानसा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात आकड्यांचे सविस्तर कोष्टक नव्हते. आपल्या आधी दुसरा कोणी हा शोध जाहीर करील, ह्या भीतीने त्यांनी थोडी घाईच केली असे म्हणावे लागेल. तथापि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी सर्व आकडे मांडले, तेव्हा कोणालाही शंका उरली नाही. ह्याच सुमारास अमेरिकेतीलच स्टॅडलर ह्या शास्त्रज्ञाने जव व मका ह्या पिकांवर प्रयोग करून तोच निष्कर्ष काढला होता. जनुक ही मनुष्याच्या हाताबाहेरची, केव्हाही न ढळणारी वस्तू आहे, ही समजूत त्या वर्षी ढासळली.

ह्या यशानंतर म्यूलर ह्यांचे आयुष्य सुखाचे झाले असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. त्यांची राजकीय मते ऑस्टिनमधील वरिष्ठांना रुचेनात. १९३२ साली ते जर्मनीस गेले, तो पुढच्याच वर्षी तेथे हिटलर सत्तेवर आला, आणि वंशाच्या खोट्या कल्पना शास्त्राच्या नावाने पसरविल्या जाऊ लागल्या. तेव्हा रशियातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलॉव्ह ह्यांच्या निमंत्रणावरून म्यूलर आपल्या माश्यांच्या बाटल्या घेऊन १९३३ मध्ये लेनिनग्राडला गेले. पुढील वर्षी ती संस्था मॉस्कोस हलली. रशियात नवा समाज उभा राहत आहे, तेथे शास्त्राला मान मिळेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

पण तेथे लायसेंको नावाचा एक मनुष्य प्रबळ होत होता. जनुके वगैरे सर्व थोतांड आहे, गव्हाला थंडीची सवय लावली की त्याची बियाणेही बदलतात, असे तो सांगे. आणि भरघोस पिकांची आश्वासने देत असल्यामुळे सत्ताधाऱ्यांना तो प्रिय झाला होता. त्याला विरोध करणे जिवावरचे काम होते. डिसेंबर १९३६ मध्ये मॉस्को येथे भरलेल्या मोठ्या सभेत म्यूलर उभे राहिले. खरे शास्त्र आणि लायसेंकोचे म्हणणे ह्यांतील फरक म्हणजे वैद्यकी आणि मंत्रतंत्र, किंवा खगोलशास्त्र आणि फलज्योतिष ह्यांच्यातील फरक होय, असे त्यांनी भर सभेत निर्भयपणे सांगितले. ते परदेशी होते म्हणून बचावले. टेक्ससमध्ये त्यांच्याजवळ शिकून गेलेले आगोल आणि लेव्हित हे दोन रशियन शास्त्रज्ञ मात्र पुढे गोळी घालून मारले गेले. वाविलॉव्ह ह्यांना १९४० साली अटक झाली, आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ज्याने जगभरातून धान्यांची बियाणी गोळा केली, तो मनुष्य तुरुंगात अन्नावाचून खंगून मेला.

आपल्या जाण्याने मित्रांवर संशय येऊ नये, म्हणून म्यूलर १९३७ साली रशियातून निघाले ते थेट स्पेनला. तेथे यादवी युद्ध चालू होते. जखमी सैनिकांना रक्त देणाऱ्या पथकात त्यांनी काही आठवडे काम केले. मग स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे त्यांना आश्रय मिळाला. जर्मनीतून परागंदा झालेल्या शार्लट ऑर्बाख ह्या विदुषीला त्यांनी तेथेच जनुकबदलाच्या अभ्यासाकडे वळविले, आणि विषारी रसायनांनीही जनुके बदलतात, हे तिने पुढे फळमाशीवरच सिद्ध केले. महायुद्ध सुरू झाले, तेव्हा १९४० मध्ये म्यूलर अमेरिकेस परतले. एवढ्या मोठ्या शोधाच्या धन्यालाही कायमची नोकरी मिळण्यास आणखी पाच वर्षे लागली. १९४५ साली ते ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी ह्या शहरांवर अणुबॉम्ब पडले. स्फोटातून निघालेले किरण दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. तरी माणसे त्यांनी मरत होती. पुढच्या वर्षी, १९४६ साली, क्ष-किरणांनी जनुकबदल घडविता येतो ह्या शोधाबद्दल म्यूलर ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वीस वर्षांपूर्वीच्या त्या बिननराच्या बाटल्यांचा अर्थ आता साऱ्या जगाला कळू लागला.

मिळालेल्या कीर्तीचा उपयोग त्यांनी इशारा देण्यासाठी केला. त्या काळी क्ष-किरणांचा वापर फार बेफिकिरीने होत असे. अमेरिकेतील जोड्यांच्या दुकानांतसुद्धा क्ष-किरणांची यंत्रे असत. जोडा पायाला बसतो की नाही हे पाहण्यासाठी मुले त्यांत पाय घालीत, आणि आपल्याच बोटांची हाडे हलताना पाहून मौज करीत. कित्येक डॉक्टर आपल्या हातांचाही विचार न करता तासन्‌तास किरण वापरीत. एक मात्रा लहान असली, तरी तिने झालेला जनुकाचा बिघाड भरून येत नाही, तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो, हे म्यूलर सभांतून व लेखांतून सांगत राहिले. पुष्कळ डॉक्टर त्यांच्यावर रागावले. १९५५ साली जिनीव्हा येथील अणुशक्तीच्या परिषदेत त्यांना आपला निबंध वाचावयाचा होता. त्यांच्याच सरकारच्या अणुशक्ती मंडळाने तो अडविला, आणि वर्तमानपत्रांतून त्याचा मोठा गाजावाजा झाला. त्याच वर्षी बर्ट्रांड रसेल व आइन्स्टाइन ह्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध काढलेल्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या अकरा विद्वानांत म्यूलर होते.

त्यांचे सगळेच म्हणणे जसेच्या तसे टिकले, असे मात्र नाही. पेशी आपल्या जनुकांचे पुष्कळसे बिघाड स्वतः दुरुस्त करते, हे नंतर कळून आले. अत्यंत लहान मात्रांचा अपाय किती, ह्याविषयी शास्त्रज्ञांत अजूनही वाद चालतो. हिरोशिमातून वाचलेल्या लोकांना पुढे झालेल्या मुलांची अनेक वर्षे तपासणी झाली. त्यांत आनुवंशिक दोषांची स्पष्ट वाढ आढळली नाही. निवडक पुरुषांच्या बीजापासून संतती वाढवून मानवजात सुधारावी, हा विचार म्यूलर ह्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. माशीच्या बाटलीत जे चालते ते माणसांत चालवू पाहणारी ही कल्पना बहुतेकांना पटली नाही, आणि ते बरेच झाले. परंतु दवाखान्यात हाडाचे चित्र काढताना यंत्र चालविणारा जो मनुष्य शिशाच्या पडद्यामागे जाऊन उभा राहतो, त्या सावधगिरीच्या पाठीमागे म्यूलर ह्यांच्या बाटल्या आहेत. मोडलेले हाड पाहण्यासाठी क्ष-किरण घ्यावेतच. जोड्याचे माप पाहण्यासाठी मात्र ते घेऊ नयेत. जोड्यांच्या दुकानांतील ती यंत्रे यथाकाल बंद झाली.

५ एप्रिल १९६७ रोजी इंडियानापोलिस येथे म्यूलर ह्यांचे निधन झाले. ज्या विद्यापीठात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालविली, तेथे आज फळमाश्यांचे मोठे भांडार आहे. हजारो निरनिराळे वंश तेथे लहान लहान नळ्यांत सांभाळले जातात, आणि मागणीनुसार देशोदेशीच्या प्रयोगशाळांना धाडले जातात. त्यांतील अनेक वंशांत एखादे मारक जनुक दडलेले असते. ते नाहीसे होऊ नये म्हणून त्याच्या जोडीला उलट्या भागांचे दुसरे गुणसूत्र ठेवलेले असते, म्यूलर ह्यांनी सी-एल-बीमध्ये ठेवले होते तसेच.